लिव्हर हार्प की पेडल हार्प?

गेल्या हिवाळ्यात ओळखीतल्या दोघांनी मला एकच प्रश्न विचारला: लिव्हरवाली छोटी हार्प घ्यावी की थेट पेडलची मोठी? हार्प म्हणजे बोटांनी छेडायचं उभ्या तारांचं वाद्य; छोटीत सूर अर्धा चढवायला प्रत्येक तारेला हाताने फिरवायची लिव्हर असते, मोठीत सूर बदलायचं काम पायांखालची पेडलं करतात. दोघेही पेटी वाजवणारे, सुराचे पक्के, त्यामुळे प्राथमिक गोष्टी त्यांना सांगायला नकोत. मी दोन्ही हार्प घरात ठेवून पाहिल्या आहेत. दीड वर्ष भाड्याची पेडल हार्प होती आणि आता चार वर्षं स्वतःची ३४ तारांची लिव्हर हार्प आहे. दोन्ही एडिंबरामधल्या त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. तेव्हा पुढचं सगळं एका घराचा आणि एका माणसाच्या कानांचा अनुभव समजा.

आधी पेडलची बाजू, कारण वाजवण्यापुरतं बघितलं तर तीच वरचढ आहे. पांढरी एकचा (म्हणजे सीचा) सा धरून देस राग वाजवून बघा. जाताना शुद्ध नी, येताना कोमल. पेडल हार्पवर डाव्या पायाशी नीचं पेडल आहे. ते एक खाच वर सोडलं की सगळ्या सप्तकांतले नी एकदम कोमल होतात, हात तारांवरून हलत नाहीत. लिव्हर हार्पवर प्रत्येक तारेला वेगळी लिव्हर, आणि ती फिरवायला डावा हात तारेवरून उचलावा लागतो. तेवढ्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निघून जाते. मी मधल्या सप्तकातला नी शुद्ध आणि वरच्यातला कोमल ठेवून वेळ मारून नेतो. जाणकार हसतात, बाकीच्यांना कळत नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, दोन्हीकडे नाही, त्यामुळे तो विषय सोडा.

मात्र लिव्हरवर रागच निघत नाहीत, असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. या हार्प बहुधा ई फ्लॅट मेजरमध्ये (ई, ए आणि बी अर्धा सूर उतरवून) लावतात आणि लिव्हर सूर फक्त अर्धा चढवते, उतरवत नाही. त्यामुळे पांढरी एकवर भैरवाचा कोमल रे मिळत नाही. मला हे कळायला दोन महिने लागले. सा पांढरी तीनवर (ईवर) न्या: एफ आणि सीच्या लिव्हर खाली, बाकी पाचही सुरांच्या वर, की अख्खा भैरव समोर. असे जुगाड करायला मला मजा येते. तुम्हाला येत नसेल तर हा मुद्दा पेडलच्या खात्यात टाका.

वजनाबद्दल फार लिहीत नाही. पेडल हार्प पस्तीस-चाळीस किलोची, माणसाएवढी उंच, आणि आमच्या इमारतीला दगडी गोल जिना आहे. माझी लिव्हर हार्प मी पाठीला लावून एकटा खाली नेतो. लिफ्ट असेल तर तुम्हाला याचं काही वाटणार नाही.

तारांचं मात्र मनावर घ्या. पेडल हार्पच्या मधल्या पट्ट्यात तात असते, म्हणजे आतड्याची तार. थंडीत रेडिएटर सुरू झाले की हवा कोरडी पडते आणि रात्री दोनला बंदुकीसारखा आवाज करून तार तुटते. पहिल्यांदा आम्हाला वाटलं खालच्या मजल्यावर काहीतरी झालं. नवी तात आठवडाभर तरी उतरत राहते, दिवसातून चार वेळा किल्ली घेऊन बसा. एकूण ४७ तारा, त्यातल्या बऱ्याच तातीच्या. माझ्या आताच्या हार्पला वर नायलॉन आहे आणि खाली तारेचं वेष्टण दिलेल्या तारा. नायलॉनचा आवाज तातीइतका गोल नाही हे कबूल, पण गेल्या दोन हिवाळ्यांत मिळून एकच तार तुटली.

आता ज्याने निकाल लावला ते. झीं.

पेडल हार्प येऊन चार महिने झाले असतील. यमन वाजवत होतो. तीव्र मध्यमासाठी उजव्या पायाने एफचं पेडल सगळ्यात खालच्या खाचेत टाकलं आणि मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला मध्यम, ती काळी तार, छेडली. सुराच्या शेपटाला बारीक झीं. शुद्ध मध्यमाला नाही, फक्त तीव्रला. पहिला संशय खिडकीच्या काचेवर. तिथे घडी करून कागद खोचला. मग भिंतीवरच्या फोटोवर, मग ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यावर. डबा उचलून बाहेर जिन्यात ठेवला, तरी झीं आहेच. मुलगी हार्पच्या खांबाला कान लावून बसायची आणि मी एकच तार पन्नास वेळा छेडायचो. बायको म्हणाली, तुझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला असेल. चष्मा काढून वाजवलं. झीं.

या वाद्याच्या आत काय आहे ते तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचलं. फ्रेंच वाद्यनिर्माता सेबास्तियन एरारने १८१० मध्ये पेटंट घेतलेली रचना आजही मुळात तीच आहे. प्रत्येक पेडलची दांडी खांबातून वर जाते आणि वरच्या मानेत तारेशेजारच्या दोन चकत्या फिरवते. चकतीवरच्या दोन खुंट्या तारेला चिमटीत धरतात, तार तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. चिमटी किंचित सैल पडली की तार खुंटीवर थरथरते. पेडलखालचं फेल्ट (जाड लोकरी कापड) झिजलं तर खालचं पितळ वाजतं. ४७ तारा, बहुतेकींना दोन-दोन चकत्या, वर सगळ्यांचा मिळून सुमारे ९०० किलोचा ताण. अशा गोष्टीला स्क्रू ड्रायव्हर लावायची माझी छाती झाली नाही, आणि भाड्याच्या करारातही ते बसत नव्हतं.

ही दुरुस्ती करणारा माणूस इंग्लंडहून दौऱ्यावर येतो. माझा नंबर पाच महिन्यांनी लागला. त्याने एफच्या पेडलचं फेल्ट बदललं, एक चकती केसभर फिरवली, चहा घेतला, गेला. झीं गेली. दोन महिन्यांनी पुन्हा आली, त्याच मध्यमावर.

आमच्या घरी आईचा तंबोरा होता. वर्षाआड तो मिरजेला सतारमेकर गल्लीत जायचा, जवारी लावून यायचा. घोडीवरून तार नेमकी घासून निघावी आणि तो मधमाश्यांसारखा गुंजारव यावा म्हणून आम्ही पैसे मोजायचो. इथे तसाच एक आवाज फुकट मिळाला होता आणि तो घालवायला मी पाच महिने रांगेत उभा होतो. फरक एवढाच की आईच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली तर ती घोडीवरचं सूत सरकवून तात्पुरतं भागवायची. माझ्या हातात सरकवायला काही नव्हतं.

लिव्हर हार्पला झीं येत नाही असं नाही. गेल्याच महिन्यात आली. हार्पच्या पोकळ खोक्यात हात घालून पाहिलं तर गाठीपुढचं तारेचं शेपूट आतल्या लाकडाला टेकत होतं. पक्कडीने कापलं. एकदा लिव्हरचा स्क्रू ढिला होता, तो आवळला. दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटं. माझ्यासाठी वाद्याची निवड इथे ठरली, आवाजावर नाही.

म्हणून पेडल घेऊच नका असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात कोणाला ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल, किंवा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत पुढपर्यंत शिकायचं असेल, तर पेडलला पर्याय नाही आणि उशीर करण्यातही अर्थ नाही. फक्त दुरुस्ती करणारा माणूस किती लांब राहतो ते आधी विचारा, मग किंमत. मी चौकशी केली तेव्हा नवी पेडल हार्प दहा हजार पौंडांच्या वरच सुरू होत होती, चांगली लिव्हर हार्प त्याच्या पाव किमतीत आली. स्कॉटलंडमध्ये असाल तर १९३१ पासून चालू असलेल्या क्लार्सख (म्हणजे स्कॉटिश छोटी हार्प) सोसायटीच्या शाखा सभासदांना छोट्या हार्प भाड्याने देतात. सहा महिने ती वाजवा, बोटांच्या टोकांना घट्टे पडू द्या, मग ठरवा.

आमची पेडल हार्प परत न्यायला दोघे जण आले तेव्हा त्यातल्या एकाने तपासायला म्हणून सी मेजरमध्ये वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. ‘सुंदर ठेवलीय तुम्ही,’ म्हणाला. पेडलला त्याने पायही लावला नाही आणि मीही यमनचा विषय काढला नाही. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती अडकली, तेव्हा खालून मी धरली.