थंडीत ट्रक सेल्फ घेत नाही: जुनी बॅटरी चार्ज करायची, एकच बदलायची की जोडी घ्यायची?

डिसेंबर लागला की आपल्या पिंपळगाव, निफाड, ओझर पट्ट्यात बॅटरीच्या दुकानांवर गर्दी सुरू. रात्री पारा पाच-सहावर येतो, पहाटे मार्केटला निघायची गाडी घुर्र घुर्र करून बसते, आणि दुकानाचं शटर वर जायच्या आत मालक उभा असतो, दादा नवीन बॅटरी काढा. माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच जणांना नवीन बॅटरी लागतच नाही, आणि ज्यांना खरंच लागते ते चोवीस व्होल्टच्या गाडीला (तिथं बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या असतात) एकच घेऊन जातात जिथं दोन घ्यायला पाहिजेत. म्हणून पैसे काढायच्या आधी कुठला पर्याय कुणासाठी ते बघू.

एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा, बॅटरी मारतं ते एप्रिल-मे मधलं ऊन, थंडीत फक्त ते उघडं पडतं. उन्हाळ्यात पाणी उडतं, प्लेटा सडतात, पण गरम इंजिन हलकं फिरतं त्यामुळे अर्धमेली बॅटरी पण गाडी चालू करून देते. थंडीत दोन्हीकडून मार बसतो. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होते आणि त्याच वेळी ऑईल घट्ट झाल्यामुळे सेल्फला (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जोर जास्त लागतो. त्यात गाडीत २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑईल असेल तर बघायलाच नको, कंपनीनं १५डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर तेच टाका, जाड ऑईल म्हणजे इंजिनला चांगलं हा जुना समज सोडा राव.

आता आवाज ऐका, कारण अर्धं निदान तिथंच होतं. हेडलाईट लावून सेल्फ मारायचा आणि कुणालातरी समोर उभं करायचं. लाईट पार विझून टकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलीये किंवा टर्मिनल नीट पकडत नाहीये. लाईट झगझगीत, एकदाच टक् झालं आणि पुढं काहीच नाही, तर बॅटरीला शिव्या देऊ नका, सोलेनॉईड (सेल्फला करंट सोडणारा स्विच), सेल्फचे कार्बन ब्रश नाहीतर मधली वायर बघा. हळू हळू जड फिरतंय आणि लाईट मंद होतायत तर बॅटरी, जाड ऑईल किंवा सेल्फचं बुश यापैकी काहीतरी. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरी ठणठणीत आहे, तिथं डिझेल, एअर नाहीतर हीटर प्लग बघायचे. पिकअपसारख्या छोट्या डिझेल गाड्यांना हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं, घाईत लोक तेवढं पण थांबत नाहीत आणि मग उगाच सेल्फ मारत बसतात. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर सेल्फ दाबू नका, मध्ये मिनिटभर गॅप द्या, नाहीतर सकाळी बॅटरीचा प्रॉब्लेम होता तो दुपारी सेल्फ रिवाइंडिंगचा होतो.

मग मल्टीमीटर. साधा मीटर चारपाचशेत येतो आणि केबिनमध्ये पडून राहिला तरी परवडतो. रात्रभर उभ्या गाडीवर, सकाळी चालू करायच्या आधी मोजायचं, गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. बारा व्होल्टची बॅटरी १२.६ च्या वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ ला आली की जवळपास रिकामी. मोठ्या गाडीत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला पुढं दुसरी जोडून) असतात तिथं दोन्ही वेगवेगळ्या मोजा, नुसती बेरीज बघू नका, कारण एक १२.६ आणि दुसरी १२.१ असली तरी बेरीज २४.७ येते आणि सगळं बरं वाटतं. नंतर सेल्फ मारताना परत प्रत्येकीवर मीटर धरा, एक दहाच्या वर टिकली आणि दुसरी आठला आपटली तर आजारी कोण ते कळलं. गाडी चालू झाल्यावर दोन्हींवर मिळून २७.६ ते २८.८ यायला पाहिजे (बारा व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४), कमी येत असेल तर डायनामो (चालू गाडीत बॅटरी भरणारा), त्याचा बेल्ट नाहीतर कटआऊट (चार्जिंगचा व्होल्टेज सांभाळणारा) बघा, तिथं नवीन बॅटरी टाकली तरी ती पण पंधरा दिवसांत झोपणार.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे साफसफाई, आणि हाच लोक सोडतात. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पावडर कोमट पाणी आणि खायच्या सोड्यानं धुवायची, झाकणं बंद ठेवून, आत सोडा गेला तर ॲसिड बाद. क्लॅम्प पॉलिश पेपरनं घासून घट्ट बसवायचा, वरून व्हॅसलिन. सेल्फ मारल्यावर क्लॅम्पला हात लावला आणि चटका बसला तर चोर सापडला. आणि अर्थिंगची पट्टी, जी चेसीवरून इंजिनला जाते, ती चिखल-गंजानं इतकी खाल्लेली असते की करंट जाणार कुठून. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर पट्टी बदला. पट्टी कितीची आणि बॅटरीची जोडी कितीची हा हिशोब मी करून दाखवायला नको.

जुनी चार्ज करून चालवणं कधी परवडतं? गाडी आठ-दहा दिवस उभी होती, जीपीएस ट्रॅकर आणि टेपनं हळूहळू करंट ओढला, बॅटरी दोन वर्षांच्या आतली आहे, तर शंभर टक्के चार्जच करा. पण हळू. १३० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती करंट साठतो ते) बॅटरीला बारा-तेरा अँपिअरनं रात्रभर, आणि दोन्ही वेगवेगळ्या. तासाभरात मारून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका, प्लेटा गरम होऊन वाकतात. दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटरनं (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाच्या सहा सेल, म्हणजे कप्पे, बघा, सगळे सारखे असतील तर बॅटरीत जीव आहे, एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंटनं खाली (म्हणजे बाकी १.२५० आणि हा १.२०० च्या पण खाली) तर तो सेल गेला आणि बॅटरी पण गेली. ॲसिड टाकून काटा हिरव्यात आणून देणारे कारागीर भेटतात, त्यात काही अर्थ नाही, फक्त डिस्टिल वॉटर टाकायचं, बोअरचं तर अजिबात नको. तीन वर्षं ओलांडलेली आणि दर हिवाळ्यात रुसणारी असेल तर चार्जिंगवर पैसे घालू नका, आज चालेल आणि नेमकी माल भरून टोलच्या लाईनीत दगा देईल.

आता खरा वाद, एक की जोडी. दुकानदार जोडी घ्या म्हणाला की आपल्याला वाटतं धंदा करतोय. इथं तो बरोबर आहे. सिरीजमध्ये दोघींतून करंट एकच जातो पण चार्जिंगचा व्होल्टेज सारखा वाटला जात नाही, एक उकळत राहते, तिचं पाणी उडतं, आणि दुसरी कायम उपाशी. म्हणजे नवीन बैलाशेजारी म्हातारा जुंपल्यासारखं, वर्षभरात दोघंही बसतात. दुसरी बॅटरी सहा महिन्यांच्या आतली, त्याच कंपनीची, त्याच एएचची असेल तर एकच बदललेली चालेल, नाहीतर जोडीच. जोडी आजच्या भावात वीस हजारांच्या पुढं जाते हे मान्य, पण जुनी घासाघीस न करता स्क्रॅपला देऊ नका, शिशाचे पैसे असतात त्यात.

आणि जोडीतली एकच का बसते याचं कारण बऱ्याच वेळा ड्रायव्हर साहेबांचा टेप असतो. टेप, पंखा, मोबाईल चार्जर सगळं बारा व्होल्टचं, मग वायरमन सरळ एका बॅटरीवरून वायर मारून देतो. ती एकटी उतरत जाते, डायनामो दोघींना मिळून भरतो, आणि फरक वाढत जातो. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, हजार-दोन हजारांचं काम आहे, नवीन जोडी टाकून ती वायर तशीच ठेवली तर पुढच्या वर्षी परत हाच किस्सा.

पाण्याची घ्यायची की मेंटेनन्स फ्री? रोज लोकल फिरणारी, घरी रात्री उभी राहणारी गाडी आणि महिन्याला झाकण उघडून बघणारा माणूस असेल तर पाण्याचीच घ्या, स्वस्त पडते, सेल तपासता येतात, एकदा पूर्ण उतरली तरी चार्जिंगला बऱ्यापैकी परत येते. ड्रायव्हर बदलत राहतात, गाडी लाईनवर महिना महिना, पाणी कुणी बघणार नाही, तर मेंटेनन्स फ्री बरी, उभ्या गाडीत ती कमी उतरते. पण ती दोन-तीनदा पार झोपवली की गेली, आणि आत काय चाललंय ते हायड्रोमीटरनं बघता येत नाही. मला विचाराल तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात फिरणाऱ्या गाडीला मी पाण्याचीच घेईन. एक्साईड की अमरॉन या भांडणात पडत नाही, त्यापेक्षा बॅटरीवर छापलेली तारीख बघा, दुकानात सहा महिने पडलेली नको, आणि वॉरंटीत फुकट बदलून किती महिने आणि प्रो-राटा (वापरलेल्या काळाचे पैसे कापून) किती ते कार्डावर लिहून घ्या. पिकअपला कारची बॅटरी बसवणार असाल तर भाड्याच्या गाडीला वॉरंटी कमी मिळू शकते, हे आधी विचारा.

मोठी एएच घेऊ का असं पण बरेच विचारतात. ट्रेमध्ये बसत असेल आणि डायनामो पुरत असेल तर एक पायरी वर जायला हरकत नाही, पण थंडीत कामाला येतो तो सीसीए, म्हणजे उणे १८ अंशाला तीस सेकंद किती अँपिअर देते तो आकडा. दोन बॅटऱ्यांमध्ये एएच सारखा असेल तर जिचा सीसीए जास्त ती घ्या.

रस्त्यात अडकलात तर? जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला धक्का चालायचा, बीएस-६ ला (नव्या प्रदूषण नियमांची गाडी) तो नाद सोडा, व्होल्टेज पडला की ईसीयूच (इंजिनचा कॉम्प्युटर) जागा होत नाही. जंप द्यायचा तर २४ ला २४ चीच गाडी, प्लस ते प्लस, आणि मायनसचं शेवटचं टोक बंद गाडीच्या चेसीवर, बॅटरीपासून लांब, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. बिडी पण लांब ठेवा. लिथियमचे जंप स्टार्टर मिळतात, पण बरेचसे फक्त १२ व्होल्टचे असतात, ते २४ वर लावू नका.

द्राक्ष-कांदा घेऊन जम्मूच्या पुढं जाणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं. तिथं हायवे बंद झाला की दिवसेंदिवस लाईनीत उभं राहावं लागतं, केबिनचे लाईट आणि टेप चालूच, आणि उतरलेली बॅटरी उणे सात-आठच्या आसपास गोठायला पण लागते, फुल चार्ज असेल तर असं होत नाही. गोठलेल्या बॅटरीला जंप देऊ नका, फुटू शकते. या रूटला मी अर्धवट जोडी घेऊन गाडी पाठवणारच नाही, निघायच्या आधी फुल चार्ज आणि शक्य असेल तर मास्टर स्विच (बॅटरीचं कनेक्शन तोडणारा). आणि तिथं सेल्फ नीट फिरून गाडी चालू झाली नाही तर बहुतेक डिझेल मेण धरलंय. आपल्याकडं हिवाळ्यातल्या डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली डिझेल वाहणं थांबतं ते तापमान) ३ अंशापर्यंत चालतो, उन्हाळ्यातल्याचा १५ पर्यंत, म्हणजे घरून भरलेल्या टाकीवर काश्मीर गाठायचं नाही, वरच्या पंपावर भरायचं. लडाखसाठी इंडियन ऑईलनं २०१९ मध्ये उणे ३३ ला पण न गोठणारं विंटर डिझेल आणलं, ते पानिपतच्या रिफायनरीत बनतं. रॉकेल मिसळायचा जुना उपाय कॉमन रेलच्या (नव्या डिझेल इंजिनांची जास्त दाबाची सिस्टीम) पंपाला खातो, आणि ॲडब्लू (धूर साफ करायला टाकतात ते युरियाचं पाणी) पण उणे ११ ला गोठतं हे बीएस-६ वाल्यांनी लक्षात ठेवा. टाकीखाली शेकोटी पेटवणारे अजून दिसतात, ते करू नका, फिल्टरवर गरम पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग सेल्फ मारा.