बाहेरच्यांचा कोड घेताना: सीएलए की डीसीओ?

मराठी मजकुरात शब्द शोधणारी एक छोटी लायब्ररी मी काही वर्षं सांभाळतो आहे. सुरुवातीला तिला सीएलए होता, आता डीसीओ आहे. सीएलए म्हणजे कोड देणाऱ्यानं प्रकल्पाशी आधी सही करून करायचा करार; डीसीओ म्हणजे 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' असं प्रत्येक बदलाखाली एका ओळीत सही करून सांगणं. तुमच्या प्रकल्पात नुकतेच बाहेरून पॅच, म्हणजे इतरांनी सुचवलेले कोडमधले बदल, येऊ लागले असतील आणि या दोघांत तुमचं घोडं अडलं असेल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल. दोन्ही मसुदे तुम्ही एकदा वाचलेत असं धरून चालतो.

सीएलए मी उगाच घेतला नव्हता. अपाची फाउंडेशन आपल्या कमिटरांकडून, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करू शकणाऱ्यांकडून, तो घेतं, गूगल आपल्या प्रकल्पांसाठी घेतं, म्हणून तोच जबाबदारीचा मार्ग वाटला. त्याचा फायदाही खरा आहे. मसुदा नीट असेल तर उद्या परवाना बदलताना दारोदार फिरावं लागत नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या मंडळींना २०११-१२ च्या सुमारास जीपीएल या परवान्यावरून त्याहून सैल एलजीपीएलवर यायचं होतं, तर दोनशेहून अधिक जणांना शोधून त्यांचा होकार मागावा लागला. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीलाही जुन्या योगदानकर्त्यांना गाठावं लागलं. अपाची परवाना तिथे प्रत्यक्षात आला तो २०२१ मध्ये, ३.० आवृत्तीबरोबर. असा बदल तुम्हाला आजच समोर दिसत असेल, तर सीएलएकडे झुकणं चुकीचं म्हणता येणार नाही.

माझं मत फिरलं ते एका पॅचमुळे.

'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द. दुसऱ्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठतो. कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतो, तर कुणाचा साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण माझी लायब्ररी त्यांना निरनिराळे शब्द समजायची. 'साताऱ्याला' असं शोधलं की दुसऱ्या तऱ्हेनं टाइप केलेला सगळा मजकूर निकालातून गळायचा. दिवसा कंपनीत कोड लिहिणाऱ्या आणि दिवाळी अंकाच्या दिवसांत रात्री मुद्रितं तपासणाऱ्या एका बाईंनी हे पकडलं. चार ओळींची दुरुस्ती आणि दोन चाचण्या त्यांनी पाठवल्या. काम अगदी नेटकं होतं.

सीएलए झालाय का ते आपोआप तपासणाऱ्या बॉटनं लाल फुली मारली. सही हवी, टपालाचा पत्ता हवा, नोकरीत असाल तर कंपनीचंही संमतीपत्र हवं. गंमत म्हणून नव्हे, माझ्याच मसुद्यात तसं लिहिलेलं होतं. घरी, स्वतःच्या वेळात मुक्त स्रोताचं काम करायला त्यांच्या कंपनीची हरकत नव्हती, तसं त्यांच्याकडे लेखी होतं. पण तिसऱ्याच कुणाच्या करारावर कंपनीनं सही करायची म्हटल्यावर कागद विधी विभागाकडे गेला आणि तिथेच राहिला. दोन महिने त्या पाठपुरावा करत होत्या. मधल्या काळात माझी नवी आवृत्ती तीच चूक घेऊन बाहेर पडली. तीच दुरुस्ती मी स्वतः लिहायची म्हटलं तरी त्यांचा कोड मी वाचून बसलेलो, स्वतंत्रपणे लिहिलं असं प्रामाणिकपणे सांगता आलं नसतं. शेवटी त्यांचा निरोप आला, "दादा, हे काही माझ्याच्यानं होईलसं दिसत नाही. बंद करून टाका." मी पॅच बंद केला तेव्हा त्या फुलीच्या वरच दोन्ही चाचण्या हिरव्या दिसत होत्या. तो दिवस मला अजून बोचतो.

डीसीओतही 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' असं सांगावंच लागतं, हा आक्षेप रास्त आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच असते. तेव्हा हिंजवडीतल्या माणसानं आपलं नेमणूकपत्र वाचायला हवंच. फरक इतकाच की डीसीओ प्रश्न त्या माणसाला विचारतो आणि त्याचं उत्तर कमिटमध्ये, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीतच, कायमचं नोंदवून ठेवतो. त्या बाईंना हे उत्तर पहिल्याच दिवशी देता आलं असतं. खरं-खोटं तपासण्याची सोय तशी सीएलएतही नाही.

डीसीओ आला तोही अशाच अडचणीतून. २००३ मध्ये एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीनं आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समधला कोड कुठून आला हा प्रश्न ऐरणीवर आला. पुढच्या वर्षी लिनक्सच्या कर्नेलनं, म्हणजे त्याच्या गाभ्यानं, डीसीओ आणि त्याची 'साइन्ड-ऑफ-बाय' ही सहीची ओळ सुरू केली. गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवेनं २०१७ मध्ये सीएलए सोडून डीसीओ घेतला. जीसीसी या कंपायलरनं २०२१ मध्ये कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करण्याची सक्ती उठवली आणि डीसीओही चालेल असं ठरवलं.

डीसीओचा त्रास नाही असं नाही. सहीची ओळ विसरते, मग नवख्या मुलाला रिबेस, म्हणजे आधीचे कमिट पुन्हा लिहिणं, शिकवत बसावं लागतं. वेबवरून केलेल्या बदलांना ती ओळ आपोआप लावायची सोय गिटहबवर २०२२ पासून आहे. ती चालू केल्यावर माझा निम्मा वैताग कमी झाला.

एक गोष्ट मात्र सांभाळा. कलम १९ नुसार हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ३०अ हेच परवान्यांनाही लावतं. अपाची २.० मध्ये 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द आहेत, एमआयटीच्या मजकुरात नाहीत. डीसीओमध्ये कोड ज्या परवान्यानं बाहेर जातो त्यानंच आत येतो, म्हणून मी अपाची निवडला. पेटंटचंही त्यात स्पष्ट येतं. मी वकील नाही, तुमच्या वकिलाचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

तयार कोडचा गठ्ठाच कुणी देणगी म्हणून देत असेल, तर डीसीओ पुरत नाही. ओरॅकलनं २०११ मध्ये ओपनऑफिस अपाचीला दिलं तेव्हाही स्वतंत्र लेखी दानपत्र झालं होतं. एका संस्थेनं मला आपली जुनी शब्दयादी दिली, तेव्हा मीही त्यांच्या अध्यक्षांच्या सहीचं एक पानी पत्र घेतलं. पंधरा-वीस वर्षांत त्या यादीवर कोणाकोणाचे हात फिरले, हे ती अपलोड करणाऱ्या मुलाला कुठून माहीत असणार?

एरवी, लहान प्रकल्प आणि घरून काम करणारे लोक असतील, तर मला डीसीओच बरा वाटतो. बदलताना जुने सह्या केलेले सीएलए टाकून देऊ नका. मी ते जपून ठेवलेत आणि डीसीओ कोणत्या कमिटपासून लागू आहे ते नियमांच्या फाइलीत लिहून ठेवलंय. त्या कमिटनंतरची पहिलीच नोंद त्या बाईंची आहे: चार ओळी, दोन चाचण्या, आणि तळाला त्यांच्या नावाची सही.