सोलर वॉटर हीटरची 'सर्व्हिस' आणि 6,850 रुपये: नळ्या बाहेर निघाल्याशिवाय एक पैसा देऊ नका

200 लिटरची टाकी, काचेच्या वीस नळ्या, आणि सर्व्हिसच्या नावाखाली उकळलेले 6,850 रुपये. फोड अशी: सर्व्हिस चार्ज 1,200, क्षार काढायचं केमिकल 1,450, मॅग्नेशियम रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवतात, तो स्वतः झिजतो) 1,800 आणि 'गेलेल्या' चार नळ्यांचा ॲडव्हान्स नगाला 600 प्रमाणे 2,400. यातली एकही ओळ खरी नाही.

फोन कसा येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीकडून बोलतोय, वॉरंटी संपली, थंडीच्या आत करून घ्या. पण घरी आलेल्या या माणसाला मॉडेल माहीत होतं, बसवल्याचा महिना माहीत होता, हातात छापील बिलबुक होतं. आणि धुळे-जळगावकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्याला क्षार पटवून द्यावे लागत नाहीत, बादलीवरचा पांढरा थर रोज दिसतो. अशा वेळी कोण संशय घेणार?

संशय यायला हवा होता तो तोटी उघडल्यावर. टाकीची ड्रेनची तोटी अर्धा इंची. तिच्यातून 200 लिटर उतरायला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतात. हा सात-आठ मिनिटांत "झालं, टाकी खाली" म्हणाला. आणि टाकी खरंच खाली झाली असती तरी काम अर्धंच होतं. नळ्या खालून बंद असतात. 58 मिलिमीटर व्यासाच्या, 1800 मिलिमीटर लांबीच्या एका नळीत सुमारे पावणेतीन लिटर पाणी राहतं, म्हणजे वीस नळ्यांत पन्नासच्या वर लिटर. क्षाराचे पापुद्रे सुटून बसतात ते तिथेच, तळाला. ड्रेनच्या तोटीतून त्यातला थेंबही येत नाही. नळ्यांची खालची टोकं ज्यात बसतात त्या कपांवर धूळ तशीच होती, दोन कपांच्या मधलं कोळ्याचं जाळं सुद्धा तुटलेलं नव्हतं. ते जाळं डोळ्यांसमोर होतं! दोन फुटांवर! आणि त्याच जागी उभं राहून यूपीआयने पैसे गेले. याचाच संताप सगळ्यात जास्त आहे.

केमिकल म्हणजे लेबल नसलेला कॅन, नाकाला झोंबणारा वास. तो वास संडास धुवायच्या ॲसिडचा, म्हणजे हायड्रोक्लोरिक. स्टेनलेस स्टीलच्या टाकीत ते कधीच घालू देऊ नका, क्लोराइडने वेल्डिंगच्या कडेला बारीक भोकं पडतात. सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिड चालतं. एका नळीला पाण्यातून सव्वाशे ग्रॅम सायट्रिक, दोन तास ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. इथे नळ्यांत गेलेलं ॲसिड तसंच राहिलं आणि नंतर गरम नळाला वासाचं, गढूळ पाणी आलं.

रॉडचं तर विचारूच नका. झिजलेला रॉड दाखवला तो त्याच्या पिशवीतला. टाकीवरच्या नटावर जुना क्षार जसाच्या तसा, पान्याचा ओरखडाही नाही. तुमच्याकडे कोणी आलं तर नट खोलताना बाजूला उभे राहा.

नळी गेली की नाही हे तुम्हालाच कळतं. तळाचा चांदीसारखा भाग चकचकीत असेल तर काचेच्या दोन थरांमधली निर्वात पोकळी शाबूत. पांढरा पडला तरच नळी बाद. इथे वीसच्या वीस चकचकीत आहेत. 'उद्या आणतो' म्हणून ॲडव्हान्स घेतला, आणि तेव्हापासून फोन बंद.

कंपनीचं उत्तर, "तो आमचा माणूस नाही." मग बसवल्याचा महिना त्याच्यापर्यंत पोचला कसा? त्यावर "मेल करा". मेलला उत्तर नाही. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवले, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात तर, "भाऊ, माणूस घरी आला, काम केलं, पैसे घेतले. हा आपसातला मामला आहे." काम केलंच नाही हेच तर सांगतोय! फोटो दाखवले तर "हे सोलरमधलं आम्हाला काय कळणार." कळत नाही तर लिहून तरी घ्या. खोटं सांगून पैसे काढणं म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेत त्याला 318 कलम आहे. नुसता अर्ज घ्यायलाही टाळाटाळ. 6,850 रुपये साहेबांना किरकोळ वाटत असतील, पगारदाराला नाही वाटत.

खरं काम कसं होतं ते नीट लक्षात ठेवा. पहाटे करायचं, किंवा आदल्या संध्याकाळीच नळ्या ताडपत्रीने झाकायच्या. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेलं की काच फुटते. बॅकअप हीटर असेल तर आधी त्याचा एमसीबी (विजेचा सुरक्षा स्विच) बंद, नाहीतर कोरड्या टाकीत कॉइल जळते. मग गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद. एअर व्हेंट, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायची वाट, मोकळा आहे का बघा. तो क्षाराने बुजलेला असेल तर पाणी अडखळत येतं आणि टाकी आत चेपू शकते. टाकी पूर्ण उतरल्यावरच नळी वर सरकवून खालच्या कपातून सोडवायची आणि तिरकी करून ओढायची. पाण्यासकट वजन बरंच असतं, दोन माणसं हवीत. बसवताना सिलिकॉन रिंगला साबणाचं पाणी लावून फिरवत आत घालायची. कडक झालेली रिंग बदलायचीच. शेवटी पाणी हळू सोडून गरम नळ उघडा ठेवायचा, सलग धार लागल्यावरच एमसीबी चालू.

वीस नळ्यांचं हे काम अर्ध्या तासात होत नाही. जीएसटी नंबर नसलेलं बिल घेऊ नका, नळीचा ॲडव्हान्स देऊ नका, काम चालू असताना फोटो काढा. फसलाच असाल तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवून नंबर घ्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.