एसपीएफ ५० चं जेल सनस्क्रीन: सोलापूरच्या उन्हात वापरून

माझं काम जमीन मोजणीचं, म्हणजे सकाळपासून बांधावर. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हे जेल लिहून दिलं: एसपीएफ ५०, पीए++++. आधीच्या झिंक ऑक्साइडवाल्या क्रीमने माझ्या सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखा पांढुरका थर दिसायचा. हे मात्र मिनिटभरात मुरतं, आणि घामाबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरत नाही. मला फार आवडलंय.

आकड्यांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण दुकानदार १०० चाच आग्रह धरतात. एसपीएफ हे मुख्यतः उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचं माप. ३० असेल तर साधारण ९७ टक्के किरण अडतात, ५० असेल तर ९८. खरा फरक पडतो तो किती लावता यावर! चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब रेघा भरतील एवढं हवंच, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. त्वचा काळवंडवणाऱ्या, सुरकुत्या आणणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी 'पीए'पुढची अधिकची चिन्हं मोजा.

एवढं लावलं की ५० ग्रॅमची ट्यूब पंधरवडाही पुरत नाही, ही एकच तक्रार. म्हणून कान आणि मानेमागे मी सुती स्कार्फ बांधते, वर रुंद काठाची टोपी.