एन्चिलाड्याला मैद्याची टॉर्टिया की मक्याची? दोन्ही करून बघितल्यावर

एन्चिलाडे म्हणजे टॉर्टियात, मेक्सिकोच्या पातळ पोळीत, खिमा भरून मिरचीच्या सॉसमध्ये केलेला पदार्थ. सगळ्यात आधी खिम्याचं मिटवून टाकतो, कारण मी एन्चिलाडे घरी करतो म्हटल्यावर लोक तेच पहिलं विचारतात. अमेरिकेतल्या सोप्या रेसिपीत बीफचा खिमा असतो, तिकडे तो दुकानात तयार मिळतो म्हणून तर ती रेसिपी सोपी. आपल्याकडे गाय १९७६ च्या कायद्यानेच बंद होती आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर बैल-वळू पण, त्यामुळे सांगलीत बसून करायचं म्हणजे मटण खिमा नाहीतर चिकन खिमा. मी मटणवाला. चिकन खिमा ओव्हनमध्ये परत तापला की भुश्यासारखा लागतो असं माझं मत आहे, घरातल्या अर्ध्या लोकांना ते पटत नाही, सोडून द्या. एक मात्र ध्यानात ठेवा, त्या रेसिपीत "सुटलेली चरबी ओतून टाका" असं लिहिलेलं असतं ते बीफसाठी. बोकडाच्या खिम्यातून ओतून टाकण्याएवढं काही सुटतच नाही, उलट दोन चमचे तेल जास्त घालावं लागतं, आणि दहा मिनिटात शिजेल या भ्रमात राहू नका, झाकण ठेवून अर्धा तास तरी शिजू द्या आणि मग पाणी पूर्ण आटवा. ओला खिमा भरला तर पुढचं सगळं वाया.

आता मुद्द्याचं. पाकिटातली मैद्याची टॉर्टिया आणायची का मक्याची घरी करायची. (चपातीचा तिसरा पर्याय सगळ्यांच्या डोक्यात येतो, माझ्या पण आला, एकदा केला, सॉसमध्ये दहा मिनिटं राहिली की चपाती कुठे संपते आणि सॉस कुठे सुरू होतो कळत नाही. तो विषय तिथंच बंद.)

मैद्याची बाजू आधी मांडतो, कारण मला ती पुढे पाडायची आहे हे तुम्हाला कळलंच असेल, निदान न्याय तरी करू. मऊ असते, गुंडाळताना फाटत नाही, मोठ्या किराणा मॉलमध्ये मिळते, पोरांना आवडते, ऑफिसवरून आठ वाजता घरी येऊन नऊला ताट वाढायचं असेल तर दुसरा मार्गच नाही. आणि मैद्याची टॉर्टिया म्हणजे काहीतरी नकली असंही नाही, उत्तर मेक्सिकोत, सोनोराकडे, गव्हाचीच खातात. पण तिचा खरा उपयोग कोरडं काहीतरी गुंडाळून हातात धरून खायला, म्हणजे बरिटोसारखं. एन्चिलाड्याचं नावच बघा ना, एन्चिलार म्हणजे मिरची लावणे. पोळी मिरचीच्या सॉसमध्ये बुडवायची, हाच तर पदार्थ. आणि मैद्याला बुडणं सोसत नाही.

हे मला वाचून कळलं नाही, फजिती होऊन कळलं. पहिल्यांदा केले तेव्हा रविवार होता, बायकोचा भाऊ जेवायला, मी सकाळपासून ब्याडगी भिजत घालून बसलेलो. आठ टॉर्टिया, आत खिमा, ओळीनं ट्रेमध्ये मांडल्या, वरून सॉस, चीज, ओटीजी ओव्हनमध्ये १८० वर वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर फोटो काढावा इतकं देखणं दिसत होतं आणि काढला पण फोटो. मग झारा घातला. झाऱ्यावर एक एन्चिलाडा यायला पाहिजे होता, आला तो तीन एन्चिलाड्यांचा मिळून एक गोळा, खालचा थर ट्रेलाच चिकटलेला आणि मैद्याचा पांढरा चिकट लगदा सॉसमध्ये कालवलेला. मेहुणा बिचारा सभ्य आहे, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "दाजी, चव लई भारी आहे, पण हा तिखट शिरा आहे का?"

त्यानंतर सॉस कमी करून बघितला, टॉर्टिया आधी तव्यावर कडक भाजून बघितली, तेलात तळून बघितली. तळल्यावर जरा बरं झालं हे मान्य. पण लगदा थोडा उशिरा होतो एवढंच, होतोच. दुसऱ्या दिवशी डब्यात नेला तर चमच्याने खायला लागला. माझ्यासाठी सगळा निर्णय या एका गोष्टीवर झाला, बाकी चव, वास, मेहनत हे सगळं मी माफ केलं असतं.

मग मक्याकडे वळलो आणि तिथं उलटी गंमत. आपलं नेहमीचं मक्याचं पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं, आईने भाकरी थापून दिली, उत्तम भाकरी झाली. गुंडाळायला गेलो तर तुकडे. परत केली, पातळ लाटली, परत तुकडे. आई म्हणाली, "अरे मक्याला चिकटपणा नसतो, त्यात कणिक घाल की." कणिक घातली तर झाली परत मूळ गावी वापसी, कारण कणकेबरोबर लगदा पण आला.

यातली मेख अशी आहे की मेक्सिकोत टॉर्टियाचं पीठ हे नुसतं दळलेला मका नसतंच. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजवतात, साल चोळून काढतात आणि मग ओलाच वाटतात. याला निक्स्टमलायझेशन असं जीभ वळणार नाही असं नाव आहे. चुन्यामुळे साल सुटते आणि दाण्याच्या आतली रचना अशी बदलते की पीठ एकमेकाला धरून राहतं. हजारो वर्षांची पद्धत. मका पुढे युरोपात गेला पण ही चुन्याची युक्ती मागेच राहिली, आणि जिथं गरीब माणसं जवळपास नुसत्या मक्यावर जगत होती तिथं पेलाग्रा नावाचा रोग पसरला, कारण चुन्याशिवाय मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. आपण डाळ-मटण खातो, आपल्याला ती भीती नाही, पण भाकरी का फाटते आणि माणसं का आजारी पडली याचं उत्तर एकच निघतं हे वाचून मी जरा वेळ तसाच बसून राहिलो.

तयार पीठ मिळतं, त्याला मासा हरिना म्हणतात, पण इकडे दुकानात मला दिसलं नाही आणि ऑनलाईन जे होतं त्याच्या किमतीत मटण आलं असतं. मग चुना. पानवाल्याकडे. मी पान खात नाही, आमच्या विश्रामबागच्या पानवाल्याला हे माहीत आहे, त्यामुळे "नुसता चुना पाहिजे" म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते सांगत नाही.

माझं प्रमाण असं, आणि हे तराजूवर मोजलेलं नाही, हाताला बसलेलं आहे. अर्धा किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न चालत नाही, आणि पेरणीच्या बियाण्याचा मका चुकूनही घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं), दीड-दोन लिटर पाणी, पानवाल्याकडचा खायचा चुना एक मोठा चमचा. भिंतीला लावायचा चुना नाही, खायचाच. भांडं स्टीलचं घ्या, अल्युमिनियमला चुना खातो. अर्धा-पाऊण तास उकळायचं, मका पिवळाधमक होतो आणि घरभर एक वास सुटतो, ओल्या मातीचा आणि भाजलेल्या कणसाचा मिळून, तो एकदा आला की पाकिटाचं पीठ फिकं वाटायला लागतं. गॅस बंद करून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी पाणी टाकून दाणे हातात चोळले की साली जेलीसारख्या सुटून येतात, तीन-चार पाण्यात स्वच्छ धुवायचे.

वाटणं हीच काय ती कटकट. मिक्सर पाण्याशिवाय फिरत नाही आणि पाणी घातलं की पीठ धिरड्याचं होतं. मी अगदी थोडं पाणी घालून, थांबत-थांबत, खालवर करत वाटतो आणि जे सैल होईल ते मक्याच्या कोरड्या पिठाने आवळतो. घरी पाटा-वरवंटा असेल आणि करणारं कोणी असेल तर प्रश्नच नाही, त्यांच्याकडे पण असाच दगड असतो, मेताते म्हणतात. पीठ वीस मिनिटं झाकून ठेवायचं, मग छोटा गोळा दाबून बघायचा, कडा चिरल्या तर पाण्याचा हात लावायचा. तेलाच्या पिशवीचे दोन तुकडे कापून धुवायचे, गोळा मध्ये ठेवायचा आणि वरून सपाट बुडाचं जड भांडं दाबायचं. पुरीएवढी किंवा जरा मोठी. तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून. पहिल्यांदा जी भाकरी तव्यावर टम्म फुगली ती मी सॉसबिस काही न लावता मीठ लावून उभ्या-उभ्या खाल्ली.

आता प्रामाणिकपणे, ही पण गुंडाळताना कधीकधी चिरतेच. दुकानातल्या मैद्यासारखी रबरी नसते. त्याला इलाज दोन. एक म्हणजे सॉसमध्ये बुडवायच्या आधी गरम तेलातून पाच-सहा सेकंद काढायची, मऊ पण होते आणि तेलाचा पापुद्रा बसल्यामुळे सॉस आत पटकन शिरत नाही. दुसरा इलाज मला जास्त आवडतो, गुंडाळूच नका. अमेरिकेत न्यू मेक्सिकोकडे एन्चिलाडे थर लावून करतात, ताटात एक टॉर्टिया, त्यावर सॉस-खिमा-चीज, परत टॉर्टिया, असे तीन थर आणि वर हाफ फ्राय. फाटली तरी कोणाला दिसत नाही. आणि ओव्हन पण लागत नाही, जाड कढईत झाकण ठेवून मंद गॅसवर पाच-सात मिनिटांत चीज वितळतं.

सॉसबद्दल फार लिहीत नाही, थोडक्यात सांगतो. ब्याडगी आठ-दहा, बिया काढून, गरम पाण्यात भिजवून, लसूण, भाजलेलं जिरं, मीठ, पिझ्झाबरोबर येऊन ड्रॉवरमध्ये साठलेल्या ओरेगॅनोच्या दोन पुड्या, तेलात चमचाभर पीठ परतून त्यात वाटण ओतायचं. रंग ब्याडगीचा येतो आणि तिखट डोक्यात जात नाही. फक्त हात आवरा. घरची कांदा-लसूण चटणी समोर बरणीत दिसत असते आणि चमचाभर टाकावी असं वाटतंच, मी टाकली आहे, चव वाईट लागत नाही, पण मग तो रस्सा होतो. हळद पण नको, हळदीच्या गावात राहून हे लिहायला जिवावर येतंय.

तर कोणी काय करावं. आयुष्यात एकदाच करून बघायचे असतील, किंवा आज रात्रीच पाहिजेत, तर पाकीट आणा, तळून घ्या, सॉस वरून अगदी शेवटी घाला आणि ट्रेमधून ताटात लगेच काढा, बरे होतील. माझा काही आग्रह नाही, आणि मैद्यावर तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला बसत असेल हे पण शक्य आहे. पण महिन्यातून एकदा करणार असाल आणि शनिवारी रात्री मका शिजत टाकायचा तेवढा कंटाळा नसेल तर मी मक्याच्याच बाजूचा. अर्ध्या किलोत पंचवीसेक होतात, चौघांना बारा पुरतात, उरलेलं पीठ उन्हाळ्यात लवकर आंबतं म्हणून सगळ्या भाजून फ्रीजमध्ये ठेवतो. सोमवारी डब्यात थराचा एन्चिलाडा नेतो, भिजून मऊ झालेला असतो पण काट्याने कापला तर तुकडा तुकड्यासारखा निघतो, शिरा होत नाही.

मेहुण्याला परत बोलावलं होतं. त्याने तीन थर खाल्ले, चौथा मागितला, आणि चुना घातलाय म्हटल्यावर क्षणभर थांबून ताटाकडे बघितलं. पानवाला आता विचारत नाही, मी दिसलो की आपणहून पुडी बांधतो. गेल्या वेळेस कात पण बांधून दिला, तो अजून फ्रीजवर पडलाय.