सिम्पसन्सचे दोन फसलेले भाग: जास्त कोणता लागतो?

'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेचे फसलेले भाग म्हटलं की मला दोन आठवतात. १९९७च्या 'द प्रिन्सिपल अँड द पॉपर'मध्ये मुख्याध्यापक स्किनर चक्क तोतया निघतो. खरं नाव आर्मिन टॅमझेरियन. खऱ्या स्किनरला मार्टिन शीनचा आवाज आहे आणि तो उत्तम आहे, पण आई अ‍ॅग्नेसशी इतकी वर्षं रंगवलेलं नातं एका फटक्यात खोटं ठरतं. शेवटी न्यायाधीश हा विषय पुन्हा काढायचा नाही असा हुकूम देतात, त्यामुळे निदान घाव तिथेच थांबतो.

२००८चा 'दॅट नाइन्टीज शो' मालिकेतलं मुख्य जोडपं होमर-मार्ज यांचं तरुणपण सत्तरच्या दशकातून उचलून नव्वदच्या दशकात नेतो, होमरला ग्रंज (नव्वदच्या दशकात गाजलेला रॉक संगीताचा प्रकार) बँड देतो. विनोद बरे आहेत. पण १९९१च्या भागात ही दोघं शाळेत कशी भेटली, ते किती हळुवारपणे दाखवलं होतं! तेच पुसलेलं मला जास्त लागलं.