सर्किटसाठी कोणती घ्यावी: बीएमडब्ल्यू एम५ कॉम्पिटिशन की मर्सिडीज-एएमजी ई ६३ एस?

मागच्या पिढीची बीएमडब्ल्यू एम५ कॉम्पिटिशन आणि तिच्याच काळातील मर्सिडीज-एएमजी ई ६३ एस या दोन्ही गाड्या भारतात अधिकृतपणे विकल्या गेल्या होत्या आणि आता त्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातच शोधाव्या लागतात. एरवी घरच्यांना घेऊन फिरायचे आणि अधूनमधून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किट या शर्यतीच्या ट्रॅकवर मनसोक्त गाडी चालवायची, असा ज्याचा बेत आहे, त्याच्यासाठी हा आढावा आहे.

कागदावर पाहून निर्णय होणार नाही. एम५ मध्ये ४.४ लिटरचे व्ही८ इंजिन असून त्याची ताकद ६२५ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, ७५० न्यूटन-मीटर आहे. ई ६३ एसचे ४ लिटरचे व्ही८ इंजिन ६१२ अश्वशक्ती आणि तब्बल ८५० न्यूटन-मीटर देते. शून्य ते शंभरचा कंपन्यांचा दावा अनुक्रमे ३.३ आणि ३.४ सेकंदांचा आहे. खरा फरक वळणात कळतो.

बुद्ध सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर आहे आणि त्यावर १६ वळणे आहेत. दहाव्या क्रमांकाचे लांबलचक, कडेला उंचावत गेलेले उजवे वळण घेताना चालकाला ॲक्सिलरेटर अगदी मोजून दाबावा लागतो. एम५ चा टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला १,८०० पासून ५,८६० फेऱ्यांपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे पायाने जेवढे मागितले तेवढेच मिळते. ई ६३ एसचा जास्तीचा टॉर्क २,५०० ते ४,५०० फेऱ्यांच्या पट्ट्यात एकवटलेला असल्याने तिथे अधिक संयम लागतो. त्यात कॉम्पिटिशन आवृत्तीची उंची साध्या एम५ पेक्षा ७ मिलिमीटर कमी, स्प्रिंगा सुमारे १० टक्के कडक आणि इंजिनाचे माउंटही अधिक ताठ आहेत, म्हणून स्टीअरिंग वळवताच गाडीचे नाक रेंगाळत नाही. ई ६३ एसचे तीन कप्प्यांचे एअर सस्पेन्शन गाडीचा कल छान आवरते, पण रस्त्याची जाणीव माझ्या मते थोडी बोथट करते.

दोन्ही गाड्यांमध्ये पुढच्या चाकांची ताकद तोडून फक्त मागच्या चाकांवर चालवण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी स्थिरता-नियंत्रण, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, पूर्ण बंद करावे लागते आणि त्याने फेरीचा वेळ सुधारत नाही. एम५ चा ‘फोर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट’ मोड सर्किटवर सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यात मागच्या चाकांना झुकते माप मिळते आणि पुढच्या चाकांचा आधारही सुटत नाही.

ई ६३ एसच्या इंजिनावर ते जुळवणाऱ्या, एएमजीच्या जर्मनीतील आफाल्टरबाख कारखान्यातल्या कारागिराच्या सहीची पट्टी असते, या गाडीचा आवाज अधिक भरदार आहे आणि खराब रस्त्यावर ती निश्चितच सुखाची आहे. सर्किटवर वर्षातून एखाद्याच वेळी जाणे होणार असेल, तर तीच घ्यावी. त्याहून जास्त वेळा जाणार असाल, तर एम५.

मात्र दोघींचेही वजन दोन टनांच्या आसपास आहे. तिसऱ्या वळणानंतरचा एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा संपवून चौथ्या वळणासाठी ब्रेक दाबला, की ती सारी गती उष्णता होऊन डिस्कमध्ये उतरते आणि साध्या डिस्क काही फेऱ्यांतच थकतात. जास्त उष्णता सोसणारे कार्बन-सिरॅमिक ब्रेक दोन्ही गाड्यांना पर्याय म्हणून मिळत असत; ते बसवलेली गाडी मिळाली, तर डिस्क किती झिजल्या आहेत हे तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये, कारण त्या बदलण्याचा खर्च लाखांत जातो.